पाच वर्षांची मुदत आणि थ्वेट्सचा बर्फ

डिसेंबर २०२१मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात भूविज्ञान संशोधकांचे वार्षिक संमेलन भरले होते. तिथल्या पत्रकार परिषदेत अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी एक इशारा दिला. या हिमनदीच्या पूर्वेकडील भागापुढे समुद्रावर तरंगणारा जो बर्फ आहे, तो येत्या पाच वर्षांत तुटून विखुरला जाऊ शकतो, असे त्यांनी सांगितले. वाक्य तेवढेच होते. पण बातमी जगभर पसरली ती 'प्रलय हिमनदी पाच वर्षांत कोसळणार' अशा मथळ्यांनी. मरीन ड्राइव्ह पाण्याखाली गेल्याची संगणकावर बनवलेली चित्रे माझ्या फोनवर तीन वेगवेगळ्या गटांतून येऊन पोहोचली. त्यांतला एक गट सोसायटीच्या पाणीटंचाईसाठी काढलेला होता.

ती पाच वर्षे आता सरत आली. मुंबई जागच्या जागी आहे. साहजिकच, 'हे शास्त्रज्ञ उगाच घाबरवतात' असे म्हणणाऱ्यांना आता उत्साह आला आहे. खरे तर घाबरणाऱ्यांनी आणि हसणाऱ्यांनी, दोघांनीही मूळ वाक्य नीट वाचलेले नव्हते. त्या वाक्यात समुद्र किती वाढेल याविषयी काहीच नव्हते. ते होते तरंगणाऱ्या बर्फाविषयी, आणि तरंगणारा बर्फ तुटला किंवा वितळला म्हणून समुद्राची पातळी वाढत नाही.

हे घरी करून पाहता येते. कोकम सरबताच्या काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फाचे खडे टाकून ठेवा. बर्फ पूर्ण विरघळला तरी सरबत ग्लासाबाहेर सांडत नाही. तरंगणाऱ्या वस्तूने स्वतःच्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते, हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. (समुद्र खारा आणि बर्फ गोडा असल्यामुळे अगदी किंचित फरक पडतो, पण तो आपल्या हिशेबात धरण्याजोगा नाही.) म्हणजे उत्तर ध्रुवावरच्या समुद्रात उन्हाळ्यागणिक कमी होणारा बर्फ अस्वलांसाठी आणि हवामानासाठी कितीही चिंतेचा असला, तरी त्याने थेट समुद्र चढत नाही. पातळी वाढवतो तो जमिनीवर बसलेला बर्फ. तो वितळून किंवा घसरून समुद्रात आला, की पाण्यात नवी भर पडते.

मग थ्वेट्सच्या पुढचा तरंगता बर्फ तुटण्याचे एवढे काय? त्यासाठी या हिमनदीची बसण्याची तऱ्हा समजून घ्यायला हवी.

थ्वेट्स हिमनदी पश्चिम अंटार्क्टिकात, अ‍ॅमंडसन समुद्राच्या काठी आहे. नदी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गंगोत्रीची चिंचोळी हिमनदी येते, ती इथे विसरायची. थ्वेट्सचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ९२ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ गुजरात राज्याएवढे. समुद्राकडचे तिचे तोंड सुमारे १२० किलोमीटर रुंद आहे आणि बर्फाची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या वर आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हिमभूगर्भशास्त्रज्ञ फ्रेडरिक थ्वेट्स यांचे नाव तिला दिलेले आहे. 'प्रलय हिमनदी' हे भडक नाव मात्र २०१७मध्ये एका अमेरिकी नियतकालिकातील लेखातून आले आणि तेच चिकटले. तिच्यावर काम करणाऱ्या अनेक संशोधकांना ते आवडत नाही.

हा सगळा बर्फ खाली खडकावर टेकलेला आहे, पण तो खडक समुद्रसपाटीच्या खाली आहे. एवढेच नव्हे, तर काठापासून आत जावे तसा तो आणखी खोल होत जातो. एखादी मोठी परात डोळ्यांसमोर आणा. तिची कड समुद्राकडे आहे आणि परातीत बर्फाचा डोंगर बसवलेला आहे. बर्फ जिथपर्यंत खडकाला टेकलेला असतो आणि जिथून पुढे तो तरंगू लागतो, त्या सीमेला आपण टेकणरेषा म्हणू. आज थ्वेट्सची टेकणरेषा परातीच्या कडेजवळ आहे. ती कड सोडून आत सरकली, की तिथे बर्फ जास्त जाड असतो. जाड बर्फ समुद्राकडे जास्त वेगाने वाहतो. त्यामुळे काठावरचा बर्फ आणखी पातळ होतो, तो तरंगू लागतो आणि टेकणरेषा पुन्हा मागे सरते. हे चक्र एकदा फिरू लागले की बाहेरून आणखी धक्का देण्याची गरज उरत नाही, अशी भीती आहे.

ही भीती आजची नाही. जोहानस वीर्टमन यांनी १९७४मध्ये याचे गणित मांडले होते. अमेरिकी हिमनदीतज्ज्ञ जॉन मर्सर यांनी १९७८मध्ये 'नेचर'मध्ये लिहिले, की हवेतील कार्बन डायऑक्साइड असाच वाढत राहिला तर पश्चिम अंटार्क्टिकाची हिमचादर ढासळू शकते. मर्सर यांना तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. अंटार्क्टिका म्हणजे उणे ४० अंशांचा प्रदेश, तिथे दोन-चार अंशांनी काय होणार, असा साधा युक्तिवाद होता. आजही चर्चेत कोणीतरी हा मुद्दा काढतोच. पण थ्वेट्सवर संकट हवेतून आलेले नाही, ते खालून आले आहे.

अंटार्क्टिकाभोवती खोल समुद्रात तुलनेने उबदार पाण्याचा एक थर फिरत असतो. उबदार म्हणजे किती? फक्त एक अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यात हात घातला तर काही सेकंदांत बधिर होईल. पण खाऱ्या पाण्यातला बर्फ उणे दोन अंशांच्या जवळपासच वितळू लागतो, आणि खोलवरच्या दाबाखाली तर त्याहूनही कमी तापमानाला. त्या हिशेबाने एक अंशाचे पाणी हे बर्फासाठी गरमच. हे पाणी वरच्या थंड थरापेक्षा खारट असल्याने जड असते, म्हणून ते तळाशी राहते आणि समुद्रतळावरच्या जुन्या घळींमधून थेट हिमनदीच्या पायाशी जाऊन भिडते. वाऱ्यांची दिशा आणि जोर बदलला की हे पाणी किनाऱ्याकडे किती येते, तेही बदलते.

हे प्रत्यक्ष बघायला हवे म्हणून २०१८मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी मिळून सुमारे ५ कोटी डॉलरचा संयुक्त प्रकल्प सुरू केला. थ्वेट्स हे पृथ्वीवरच्या सर्वांत गैरसोयीच्या ठिकाणांपैकी एक आहे. कोणतेही कायमचे केंद्र जवळ नाही, हवा सतत खराब, आणि हिमनदीचा मुख्य प्रवाह भेगांनी इतका फाटलेला, की तिथे विमान उतरवणे अशक्यच. म्हणून जानेवारी २०२०मध्ये चमूने पूर्वेकडच्या, त्या मानाने शांत भागावर तळ ठोकला. गरम पाण्याच्या फवाऱ्याने जवळजवळ ६०० मीटर बर्फातून एक अरुंद भोक पाडले आणि त्यातून 'आइसफिन' नावाचा पेन्सिलीसारखा लांबुळका रोबो खाली सोडला. टेकणरेषेजवळ, बर्फाच्या पोटाखाली काय चालले आहे, हे कॅमेऱ्याने पहिल्यांदाच दाखवले.

जे दिसले ते कोणाच्याच अपेक्षेसारखे नव्हते. २०२३मध्ये 'नेचर'मध्ये दोन निबंधांतून ते प्रसिद्ध झाले. एकाचे मुख्य लेखक ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे पीटर डेव्हिस होते, तर दुसऱ्याच्या ब्रिटनी श्मिट. बर्फाचा सपाट तळ अंदाजापेक्षा बराच सावकाश, वर्षाला साधारण २ ते ५ मीटर इतकाच वितळत होता. बर्फ वितळून झालेल्या गोड्या, थंड पाण्याचा पातळ थर वर पसरतो आणि खालच्या उबदार पाण्याला बर्फापर्यंत पोहोचू देत नाही. चांगली बातमी वाटते ना? पण हा तळ सगळीकडे सपाट नाही. त्यात भेगा आहेत, आणि जिन्याच्या पायऱ्यांसारख्या कापलेल्या उभ्या भिंती आहेत. तिथे ते संरक्षक पांघरूण टिकत नाही, उबदार पाणी भिंतीला थेट लागते आणि वितळण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. भेगा अशा रुंदावत गेल्या की हिमफलक आतूनच कमकुवत होतो. शिवाय वितळणे सावकाश असूनही त्या ठिकाणची टेकणरेषा १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे १४ किलोमीटर मागे सरकलेली होती. म्हणजे ही हिमनदी मागे हटायला जितके वितळणे लागेल असे वाटत होते, त्यापेक्षा कमीच पुरते. ही काही दिलासा देणारी गोष्ट नव्हे.

पुढच्या वर्षी आणखी एक धागा जोडला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील एरिक रिन्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडच्या एका कंपनीच्या रडार उपग्रहांनी वारंवार टिपलेल्या प्रतिमा तपासल्या. भरती आली की हिमनदीचा काठ काही सेंटिमीटर उचलला जातो आणि समुद्राचे पाणी टेकणरेषा ओलांडून काही किलोमीटर आतपर्यंत बर्फाखाली शिरते, ओहोटीला परत येते, असे त्यांना दिसले. म्हणजे 'रेषा' हा शब्दच ढिला पडला. तो एक पट्टा आहे आणि तिथे रोज उबदार खारे पाणी आत-बाहेर करते. जो चंद्र इथे वर्सोव्याच्या होड्या उचलतो, तोच तिथे गुजरातएवढ्या बर्फाची कड उचलतो.

आता पाच वर्षांच्या मुदतीकडे परत येऊ. हिमनदीच्या पुढचा तरंगता फलक म्हणजे बाटलीचे बूच. पूर्वेकडचा फलक समुद्रतळावरच्या एका उंचवट्याला अडकलेला आहे आणि त्यामुळे मागचा बर्फ थोडा रोखला जातो. त्याच्यात भेगा वाढत आहेत आणि त्या उंचवट्यावरची पकड सुटत चालली आहे, असे तेव्हा शास्त्रज्ञ सांगत होते, आणि नंतरच्या निरीक्षणांनीही ते खरे ठरले आहे. बूच गेले की समुद्र लगेच चढणार नाही, मागचा प्रवाह मात्र मोकळा होईल. तोही किती मोकळा होईल यावर मतभेद आहेत, कारण हे बूच आताच बरेच सैल झालेले आहे. मुख्य प्रवाहापुढचे बूच तर जवळजवळ निघालेच आहे आणि तिथला बर्फ वर्षाला दोन किलोमीटरहून अधिक वेगाने समुद्राकडे सरकतो.

थ्वेट्सवर पडणारा नवा बर्फ आणि तिच्यातून समुद्रात जाणारा बर्फ यांचा ताळेबंद मांडला, तर दरवर्षी सुमारे ५० अब्ज टनांची तूट येते. जगाच्या समुद्रपातळीत होणाऱ्या वार्षिक वाढीपैकी साधारण ४ टक्के वाटा या एका हिमनदीचा आहे. ती सगळी संपली तर समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर चढेल. शेजारच्या हिमनद्याही तिच्याच आधाराने उभ्या असल्याने, पश्चिम अंटार्क्टिकाचा समुद्रसपाटीखाली बसलेला बर्फ तिच्या मागोमाग गेला तर हा आकडा ३ मीटरच्या पुढे जातो. हे किती काळात होईल, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दशकांत द्यायचे की शतकांत, यावर गेली दहा वर्षे वाद चालू आहे.

२०१६मध्ये रॉबर्ट डिकाँटो आणि डेव्हिड पोलार्ड यांनी एक नवी शक्यता मांडली. पुढचा तरंगता फलक निघून गेल्यावर मागे जो बर्फाचा उंच कडा उघडा पडेल, तो स्वतःच्याच वजनाने कोसळत जाईल. उत्सर्जन असेच वाढत राहिले तर एकटा अंटार्क्टिका २१०० पर्यंत समुद्र एक मीटरहून अधिक चढवू शकेल, असे त्यांचे प्रारूप सांगत होते. त्या निबंधाने खळबळ उडाली. पुढे त्यांनीच आकडे बरेच खाली आणले. २०२४मध्ये डार्टमथ कॉलेजचे मॅथ्यू मॉर्लिगेम आणि सहकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या प्रारूपांत थ्वेट्सपुढचा सगळा तरंगता बर्फ एकदम काढून टाकून पाहिला. कडे धडाधड कोसळण्याची साखळी या शतकात तरी सुरू झाली नाही. त्याच वर्षी संयुक्त प्रकल्पाने आपले निष्कर्ष एकत्र मांडले. थ्वेट्स ८० वर्षांहून अधिक काळ मागे हटते आहे, गेल्या ३० वर्षांत तिचा वेग खूप वाढला आहे, या शतकात आणि पुढच्या शतकात तो आणखी वाढेल आणि २३व्या शतकापर्यंत पश्चिम अंटार्क्टिकाचा मोठा भाग जाऊ शकतो.

मला वाटते, या वादाकडे बघण्याची आपली सवय चुकीची आहे. आकडा खाली आला की 'बघा, चूक होती' असे म्हणायचे आणि वर गेला की प्रलय, असे आपले चालते. विज्ञानात एक मांडणी होते, दुसरे लोक ती तपासतात, एक भीषण शक्यता थोडी दूर जाते आणि रोबो पाठवला की नवीच एक अडचण दिसते. या सगळ्यात न बदललेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे हिमनदीची दिशा. कोणत्याही गटाचे प्रारूप तिला परत पुढे येताना दाखवत नाही.

मग गेल्या वर्षी फिरलेली दुसरी बातमी? 'अंटार्क्टिकाचा बर्फ उलट वाढतोय' अशी? तीही खोटी नव्हती. शांघायच्या तोंगजी विद्यापीठातील संशोधकांनी उपग्रहांच्या गुरुत्वमापनावरून दाखवले, की २०२१ ते २०२३ या काळात अंटार्क्टिकाच्या बर्फात वर्षाला सुमारे १०८ अब्ज टनांची भर पडली. पण त्याच निबंधात त्याआधीच्या दशकात वर्षाला सुमारे १४२ अब्ज टनांची घट झाल्याचेही लिहिलेले आहे. ही भर मुख्यतः पूर्व अंटार्क्टिकात झालेल्या असाधारण हिमवृष्टीमुळे पडली. मार्च २०२२मध्ये तिथे बाष्पाचा एक प्रचंड लोट शिरला होता. त्याने बर्फ पाडला, आणि त्याच आठवड्यात पठारावरचे तापमान नेहमीपेक्षा जवळजवळ ४० अंशांनी वर नेले. गरम हवा जास्त बाष्प वाहून आणते, तेव्हा थंड खंडावर जास्त हिमवृष्टी होणे स्वाभाविकच आहे. एखाद्या वर्षी वळीव चांगला बरसला म्हणून विहिरीची खालावत गेलेली पातळी सावरली असे शेतकरी म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. आजवर जी वाढ झाली तिचा मोठा वाटा अंटार्क्टिकाचा नाही. समुद्र तापून फुगतो, त्यातून मोठा भाग येतो. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांनी मिळून १९९२ ते २०२० या काळात सुमारे ७,५६० अब्ज टन बर्फ गमावला आणि समुद्र २१ मिलिमीटर चढवला. त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश ग्रीनलंडचा. (ढोबळ हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: ३६० अब्ज टन बर्फ म्हणजे समुद्राचा एक मिलिमीटर.) आल्प्स, अलास्का, हिमालय, अँडीज अशा पर्वतांवरच्या आणि ध्रुवांजवळच्या लहान हिमनद्यांनी २००० ते २०२३ या काळात आणखी १८ मिलिमीटरची भर घातली. उपग्रहांची नोंद सुरू झाली त्या १९९३मध्ये समुद्र वर्षाला साधारण २ मिलिमीटर चढत होता. आता तो वेग दुपटीहून अधिक आहे. २०२४मध्ये तर 'नासा'ला ४.३ मिलिमीटर अपेक्षित होते आणि मोजमाप आले ५.९. त्या वर्षी मुख्य कारण होते तापलेले पाणी. लहान हिमनद्यांचा साठा मर्यादित आहे. अंटार्क्टिकाचा साठा मात्र समुद्र सुमारे ५८ मीटर चढवण्याइतका आहे. म्हणूनच या शतकाच्या उत्तरार्धाचे अंदाज बांधताना सगळ्यात मोठी अनिश्चितता तिथून येते.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने २०२१च्या अहवालात म्हटले, की २१००पर्यंत समुद्र फार कमी उत्सर्जन असेल तर २८ ते ५५ सेंटिमीटर आणि फार जास्त असेल तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर चढेल. पण हिमचादरींचे वागणे नीट कळलेले नसल्याने २ मीटरच्या जवळ जाणारी वाढही नाकारता येत नाही, असेही त्याच अहवालात आहे. इथे एक बारकावा आहे. अंदाज चुकला तर तो दोन्हीकडे सारखाच चुकणार नाही. समुद्र अपेक्षेपेक्षा फार कमी चढेल अशी वाट जवळजवळ उरलेली नाही, फार जास्त चढेल अशी मात्र आहे.

आणि हे पाणी सगळीकडे सारखे चढत नाही. समुद्र म्हणजे हौद, एका टोकाला बादली ओतली की सगळीकडे सारखी पातळी, असे आपण धरून चालतो. पण अंटार्क्टिकाच्या बर्फाचे वस्तुमान इतके आहे, की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचे समुद्राचे पाणी त्याच्याकडे ओढलेले असते. बर्फ गेला की ती ओढ ढिली होते आणि ते पाणी दूर पसरते. त्यामुळे वितळणाऱ्या हिमचादरीच्या जवळ समुद्र चक्क खाली जातो आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतो. रॉबर्ट वुडवर्ड यांनी १८८८मध्येच याचे गणित केले होते. अलीकडे जेरी मित्रोविचा आणि सहकाऱ्यांनी ते नेमके मांडले. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ गेला तर सरासरीहून अधिक पाणी ज्यांच्या वाट्याला येईल, त्यांत उत्तर अमेरिकेचे किनारे आहेत आणि हिंदी महासागरही आहे. थ्वेट्सचा प्रश्न कोकणाशी जोडला जातो तो असा, भौतिकशास्त्राच्या नियमाने.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८पासून समुद्राची पातळी नोंदवली जाते. उष्ण कटिबंधातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी २००७मध्ये अशा जुन्या नोंदींवरून उत्तर हिंदी महासागरातील वाढ वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर काढली होती. पुढे उपग्रहांच्या १९९३ ते २०१२च्या मोजमापांवरून ती ३.२ मिलिमीटर आली. मोसमी वारे दशकागणिक बदलतात आणि पाणी इकडून तिकडे लोटतात, त्यामुळे सगळा फरक हवामानबदलाच्या खात्यावर टाकता येणार नाही. तरी रोख स्पष्ट आहे.

मिलिमीटर ऐकून कोणाला काही वाटत नाही, हे मला माहीत आहे. पण रायगडच्या खारभूमीतल्या शेतकऱ्याला विचारा. त्याची भातखाचरे भरतीच्या पातळीखाली आहेत. बांध खारे पाणी अडवतो आणि ओहोटीला उघाडीतून शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते. गोव्यात खाजणांच्या मानशी हेच काम करतात. समुद्राची सरासरी पातळी वर सरकली की दार उघडे राहण्याचा रोजचा वेळ कमी होतो. बांध फुटला तर बातमी होते, निचऱ्याचा वेळ घटत गेला तर होत नाही. मुंबईचेही तसेच आहे. शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांची बहुतेक मुखे मोठ्या भरतीच्या पातळीखाली उघडतात. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, की पाणी बाहेर जाण्याऐवजी तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह अशा ठिकाणी उदंचन केंद्रे उभी राहिली. हे पंप, सागरी रस्ते, पूल, भिंती यांचे आयुष्य ५०-१०० वर्षांचे असते. त्यांचा आराखडा करणाऱ्याने समुद्राची कोणती पातळी धरायची? ३० सेंटिमीटर, एक मीटर की दोन?

लंडनने याला एक व्यवहारी उत्तर शोधले. थेम्स नदीमुखाच्या योजनेत त्यांनी एकच आकडा पक्का धरला नाही. २.७ मीटरपर्यंतच्या वाढीचा विचार करून ठेवला, आणि समुद्र अमुक पातळीला पोहोचला की अमुक काम हाती घ्यायचे, असे टप्पे आखले. दर काही वर्षांनी मोजमापे बघून टप्पे पुढेमागे करतात. म्हणजे योजनेत अनिश्चिततेला जागाच ठेवली. आपल्याकडे सागरी प्रकल्पाच्या अहवालात एक आकडा लिहिला जातो आणि तो मंजुरीच्या फाइलीबरोबर कपाटात जातो. असा अहवाल चाळताना मी नेहमी हा आकडा कोणत्या वर्षाच्या मोजमापावरून घेतला ते शोधतो. बहुतेक वेळा सापडत नाही.

या पद्धतीला मोजमापे मात्र अखंड लागतात. थ्वेट्सपर्यंत संशोधकांना नेणाऱ्या 'नॅथॅनियल पामर' या जहाजाचा भाडेकरार संपवण्याचा प्रस्ताव अमेरिकेच्या विज्ञान प्रतिष्ठानाने २०२६च्या अर्थसंकल्पात मांडला. कपात त्या एका जहाजापुरती दिसते, पण ते बंद झाले तर तळाच्या पाण्याचे तापमान आणि टेकणरेषेच्या नोंदी यांत खंड पडेल. भारताचा अंटार्क्टिकाशी संबंध १९८१पासूनचा. पहिली मोहीम गोव्यातूनच निघाली आणि आजही ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र वास्कोत आहे. आपली पहिली वसाहत 'दक्षिण गंगोत्री' तरंगत्या हिमफलकावर बांधली होती, काही वर्षांत ती बर्फाखाली गाडली गेली. आताची 'मैत्री' आणि 'भारती' ही केंद्रे पूर्व अंटार्क्टिकात, थ्वेट्सपासून हजारो किलोमीटरवर आहेत. तिथून थ्वेट्सवर लक्ष ठेवता येत नाही. पण पूर्वेकडचा बर्फ पश्चिमेपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि त्याच्याविषयीची माहिती तुटपुंजी आहे.

उत्सर्जन आज थांबवले तर थ्वेट्स वाचेल का? प्रामाणिक उत्तर निराश करणारे आहे. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या केटलिन नॉटन आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये दाखवले, की अ‍ॅमंडसन समुद्र या शतकात गेल्या शतकाच्या सुमारे तिप्पट वेगाने तापेल. पॅरिस कराराची सर्वांत महत्त्वाकांक्षी उद्दिष्टे गाठली तरीही त्यात फारसा फरक पडणार नाही. काही अभियंत्यांनी समुद्रतळाशी ८० किलोमीटर लांबीचा पडदा उभारून उबदार पाणी अडवायची कल्पना मांडली आहे. जिथे एक भोक पाडायला अनेक हंगामांची तयारी लागते, तिथे हा पडदा कोण आणि कसा लावणार, हे मला कळत नाही. उत्सर्जनाच्या निर्णयाने ज्यांचे भवितव्य अजून बदलू शकते, ते बर्फ वेगळे आहेत: ग्रीनलंड, पर्वतांवरच्या हिमनद्या आणि मुख्य म्हणजे पूर्व अंटार्क्टिका. थ्वेट्सच्या बाबतीत हातात आहे ती पूर्वतयारी आणि तिच्यासाठी मिळणारा वेळ.

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईची महापालिका दरवर्षी साडेचार मीटरहून मोठ्या भरतींची यादी प्रसिद्ध करते. दिवस, वेळ, उंची, सेंटिमीटरपर्यंत. चंद्र आणि सूर्य यांची गती ठाऊक असल्याने ही यादी पन्नास वर्षांनंतरच्या पावसाळ्यासाठीही आजच काढता येते. फक्त त्या भरत्या समुद्राच्या ज्या सरासरी पातळीवर उभ्या राहतील, ती पातळी त्या यादीत आधीच्या मोजमापांवरून धरलेली असते.